चढाला लागली की गाडी थरथरते
वाचकांचे प्रश्न, गॅरेजमधून उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांत एकच तक्रार निरनिराळ्या तोंडांनी आली आहे: एक्सलरेटर दाबला की गाडी थरथरते, हादरते, झटके मारते. तक्रार एक असली तरी रोग एक नाही, म्हणून ही सगळी पत्रं याच अंकात एकत्र घेते. धायरीच्या वाचक बाईंनी सगळ्यात सविस्तर लिहिलं आहे, आणि त्या गाडी घेऊन गॅरेजलाही येऊन गेल्या. त्यामुळे जास्त जागा त्यांना.

प्रश्न : ताई, माझी २०१८ची पेट्रोल गाडी आहे, सीएनजी किट कंपनीनेच बसवलेलं. नव्वद हजारांच्या वर किलोमीटर झालेत. धायरीहून रोज शिरवळला कामाला जाते. येताना शिंदेवाडी सोडून कात्रजच्या नव्या बोगद्याचा चढ लागला की चौथ्या गिअरमध्ये गाडी थरथरायला लागते. पाय काढला की शांत. तेव्हाच इंजिनचा पिवळा दिवा जरा वेळ लुकलुकतो आणि विझतो. एका ठिकाणी बॅलन्सिंग-अलाइनमेंट करून पुढचे दोन्ही टायर बदलायला लावले, फरक शून्य. दुसरीकडे म्हणाले, इंजिन उघडावं लागेल, चाळीस हजार धरून चाला. घरचे म्हणतात, विकून मोकळी हो. काय करू?
– एक वाचक, धायरी

उत्तर : विकू नका, आणि इंजिन तर मुळीच उघडू देऊ नका. चढावर होतं, पाय काढला की थांबतं, दिवा लुकलुकतो, एवढं तुम्ही लिहिलंत त्यातच निम्मं निदान झालं.

टायरवाल्याकडे जायचं काही कारण नव्हतं. टायरचा आणि बॅलन्सिंगचा दोष वेगाला बांधलेला असतो. गाडी ऐंशीला थरथरत असेल तर पाय ठेवा, काढा, न्यूट्रल करा, काटा ऐंशीवर आहे तोवर ती थरथरणारच. तुमच्या रोजच्या रस्त्यावरच याची परीक्षा आहे. बोगदा संपला की नवले पुलाकडे लांबच लांब उतार लागतो. तिथे वेग चढावरच्यापेक्षा जास्त असतो, पण गाडी ओढत नसते. मी फोनवर विचारलं, तर बाई म्हणाल्या, "उतारावर गाडी लोण्यासारखी चालते." म्हणजे टायर सुटले. आता राहिले इंजिन, क्लच, गिअरबॉक्स आणि चाकाला ताकद पोचवणारा दांडा म्हणजे एक्सल, ही ताण ओढणारी मंडळी. एक्सल खराब झाला म्हणून इंजिनचा दिवा लुकलुकत नाही. तेव्हा संशय इंजिनवरच.

त्या दिव्याबद्दल जरा थांबून सांगते, कारण निम्मे लोक त्यावर काळी पट्टी चिकटवून गाडी चालवतात. दिवा स्थिर पेटलेला असेल तर कॉम्प्युटरने काहीतरी दोष नोंदवलाय. गाडी दाखवून घ्या, पण रात्रीत काही आभाळ कोसळत नाही. दिवा लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी. एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटतच नाहीये आणि ते तसंच्या तसं सायलेन्सरच्या वाटेने बाहेर चाललंय, असा त्याचा अर्थ. वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसलेला असतो. न जळलेलं इंधन त्याच्यात जाऊन जळतं आणि आतली मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची चिनी मातीची वीट वितळायला लागते. त्या विटेवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा थर असतो, तेव्हा किमतीचा अंदाज तुम्हीच करा. म्हणून दिवा लुकलुकला की एक्सलरेटर सैल सोडायचा, गिअर एक खाली घ्यायचा आणि हळू घरी यायचं. तुम्हालाही तेव्हा हेच सांगितलं होतं: काम होईपर्यंत तो चढ चौथ्यात न ओढता तिसऱ्यात चढा.

आता चढावरच का होतं ते बघू. चार सिलिंडरचं इंजिन तीन हजार फेऱ्यांवर फिरत असेल तर दर सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात, प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला पंचवीस. त्यातल्या एका सिलिंडरच्या ठिणग्या चुकायला लागल्या की चौघांच्या खांद्यावरच्या पालखीत एकाचाच पाय अडखळावा तसा सगळ्यांना हिसका बसतो. ठिणगी चुकायला मात्र ताण लागतो. एक्सलरेटर हलका असताना सिलिंडरमध्ये हवा थोडीच शिरते, दाब कमी राहतो आणि प्लगच्या दोन टोकांमधून ठिणगी सहज उडी मारते. चढावर वरच्या गिअरमध्ये पाय दाबलात की सिलिंडर हवेने भरतो, दाब वाढतो, आणि दाबलेल्या हवेतून उडी मारायला कॉइलला, म्हणजे प्लगला वीज पुरवणाऱ्या भागाला, कितीतरी जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. कॉइल दमलेली असेल, प्लग झिजून त्या दोन टोकांमधली गॅप वाढली असेल, किंवा कॉइलच्या रबरी नळीला बारीकशी चीर असेल, तर वीज ती अवघड उडी मारतच नाही. चिरेतून बाहेर पडून बाजूच्या लोखंडाला जाऊन मिळते. आत अंधार.

म्हणूनच गॅरेजमध्ये दोष सापडत नाही. बॉनेट उघडायचं, गाडी उभी ठेवून न्यूट्रलमध्ये रेस करायची, "इंजिन एकदम फर्स्ट क्लास आहे, मॅडम" म्हणायचं. उभ्या गाडीच्या इंजिनवर लोडच नसतो, मग मिसिंग, म्हणजे ठिणगीचं चुकणं, कसं दिसणार? अशी तक्रार असेल तर मेकॅनिकला शेजारी बसवून चढावर न्या. जो यायला तयार नाही त्याच्याकडे गाडी सोडू नका.

आणखी एक सोपी परीक्षा तुमच्या हाताशी होती. सीएनजीवर थरथरली की तिथल्या तिथे पेट्रोलवर घ्या. हवा आणि गॅसचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरकस ठिणगी लागते, त्यामुळे इग्निशनचं, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेचं, दुखणं सीएनजीवर आधी उघडं पडतं आणि पेट्रोलवर महिनोन्महिने लपून राहतं. दोन्ही इंधनांवर सारखीच थरथरली असती तर मी इतरही ठिकाणी बघितलं असतं. फक्त पेट्रोलवर थरथरली असती तर पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किंवा पंप. बाईंनी करून बघितलं: सीएनजीवर जोरात, पेट्रोलवर अगदी किंचित. मग म्हटलं, या घेऊन.

स्टिअरिंगखाली एक सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्याला स्कॅनर लावला. कोड निघाला पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो. पी०३०० आला तर एकच असा सिलिंडर नाही, सगळीकडे गोंधळ आहे असं समजायचं. कोडपेक्षा मला आवडतं ते त्याच्या मागे साठवलेलं चित्र, ज्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. दोष नोंदवला त्या क्षणी वेग किती, इंजिनच्या फेऱ्या किती, लोड किती, हे सगळं त्यात असतं. बाईंच्या गाडीत वेग बावन्न, फेऱ्या एकोणीसशेच्या आसपास आणि लोड जवळजवळ पूर्ण. पत्रात लिहिलं होतं तेच गाडीनेही सांगितलं. मोबाइलला जोडायचा ब्लूटूथ स्कॅनर हल्ली हजार रुपयांच्या आत मिळतो. जुनी गाडी असणाऱ्याने तो ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवावाच. समोरचा "इंजिन उघडू" म्हणाला, तर "कोड काय आला?" एवढं विचारायचं बळ त्याने येतं.

पण कोड तिसरा सिलिंडर सांगतो, तिसऱ्यातली कॉइल सांगत नाही. दोष प्लगचा असेल, इंजेक्टरचा असेल, वॉल्व्हचाही असू शकेल. इथेच लोक "घाला सगळं नवीन" करतात. मी तिसऱ्याची कॉइल काढून पहिल्यावर लावली, पहिल्याची तिसऱ्यावर. बाकी कशाला हात लावला नाही. कोड पुसला आणि जुन्या कात्रज घाटात गाडी चौथ्यात मुद्दाम ओढली. परत कोड आला, या वेळी पी०३०१. दोष कॉइलबरोबर पहिल्या सिलिंडरमध्ये गेला. या परीक्षेला खर्च शून्य. कोड तिसऱ्यावरच राहिला असता तर हाच खेळ प्लगचा केला असता, आणि त्यानंतरही राहिला असता तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं असतं. इंजिन उघडायची भाषा त्याच्याही पुढची. कॉम्प्रेशनचा गेज न लावता जो इंजिन उघडू म्हणतो, तो अंदाजाने ऑपरेशन करतोय.

कॉइल हातात घेऊन खिडकीपाशी गेले. रबरी नळी बाहेरून काळीभोर, चांगली दिसत होती. ती दोन बोटांनी वाकवली तेव्हा आतल्या बाजूला एक राखाडी रेघ दिसली, वरून खालपर्यंत, पेन्सिलीने ओढल्यासारखी. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवरही बरोबर तिच्या समोर तशीच रेघ. ही विजेची पायवाट. एकदा पडली की वीज रोज तिथूनच जाते आणि वाट आणखी मळते. चारही प्लगांची मधली टोकं झिजून बोथट झाली होती आणि गॅप कंपनीने सांगितलेल्या मापापेक्षा चांगलीच वाढली होती. सीएनजीवर प्लग पेट्रोलपेक्षा लवकर झिजतात. पेट्रोल गाडीच्या वेळापत्रकावर विसंबून चालत नाही. तिसऱ्या प्लगच्या खोल भोकाच्या तळाशी गंजाचं वर्तुळ होतं. विचारलं, "गाडी धुता कशी?" तर म्हणाल्या, दर रविवारी वॉशिंग सेंटरला, इंजिनसकट, प्रेशरने. घ्या! ते पाणी त्या भोकात साठतं, गरम इंजिनवर वाफ होऊन रबरात मुरतं. बॉनेटच्या आत पाण्याचा फवारा मारून कुठल्याही इंजिनाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. धूळ दिसते म्हणून त्रास होत असेल तर ओलं फडकं फिरवा.

एक कॉइल आणि चार प्लग नवीन घातले. चारही कॉइल घाला म्हणणारे असतात. माझं मत तसं नाही. बाकीच्या तिघींची रबरं तपासली, नीट होती, तशीच ठेवली. सगळं मिळून बाईंचं बिल त्या दोन टायरांच्या किमतीहून बरंच कमी झालं. टायर फुकट गेले असं नाही, वापरले जातील.

घरी प्लग बदलणाऱ्यांसाठी दोन शब्द. इंजिन गार झाल्याशिवाय प्लग सोडू नका. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना आटे ओढले जातात. कॉइल काढली की आधी भोकात हवा मारा, नाहीतर तळाची वाळू थेट सिलिंडरमध्ये. नवीन प्लग पाना न लावता हाताने आट्यांवर बसवा, सरळ गेला तरच पाना, आणि शेवटचा आवळा टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने. इरिडियम प्लग घेतलात तर गॅप कमी-जास्त करायला टोक ठोकू नका, सुईसारखं बारीक असतं, तुटतं. माल नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या बाजारातून आणलात तरी ओळखीच्या दुकानातून, बिलासकट आणा. प्लगच्या खोक्यावरचं नाव छापायला फार खर्च येत नाही.

प्रश्न : माझी गाडी जुनी आहे, स्कॅन केलं तर एकही कोड नाही. पण पन्नासच्या पुढे जोरात पिकअप घेतला की पायाखालची फळी आणि सीट डावी-उजवीकडे हलल्यासारखी होते. सत्तर-ऐंशीच्या पुढे कमी होतं. पाय काढला की बंद. घरातले पाच जण बसले की जास्त. प्लग-कॉइल दोन्ही नवीन घालून झाले.
– एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : प्लग-कॉइल घालायच्या आधी लिहायला हवं होतंत. तुमची गाडी मिसिंग मारत नाही. मिसिंगचे झटके पुढे-मागे बसतात, तुटक. तुमचं वर्णन डुलण्याचं आहे, आणि पाच जण बसले की वाढतं, हा मोठा पुरावा आहे. एक्सलच्या आतल्या बाजूचा सीव्ही जॉइंट बघा.

पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत प्रत्येक एक्सलला दोन जॉइंट असतात. बाहेरचा, चाकाजवळचा, गेला की वळताना कटकट वाजतो; तो सगळ्यांना माहीत असतो. आतला, गिअरबॉक्सजवळचा, मुका असतो. त्यात तीन हातांचा एक तुकडा, प्रत्येक हातावर एक गोल रोलर, आणि हे तीन रोलर एका कपाच्या तीन खाचांमध्ये मागे-पुढे सरकतात. रस्त्यावर चाक वर-खाली होतं तेव्हा एक्सलची लांबी त्यामुळे जुळते. ग्रीस संपलं किंवा त्यात माती गेली की रोलर खाचेत एकाच जागी घासून खड्डा पाडतात. मग ताणाखाली ते सरकण्याऐवजी त्या खड्ड्यात अडकतात आणि सुटतात. साठच्या वेगाला चाक सेकंदाला साधारण नऊ फेऱ्या मारतं. तीन रोलर म्हणजे सेकंदाला सत्तावीस धक्के. तेच तुम्हाला सीटखाली जाणवतात. माणसं भरली किंवा जोरात पिकअप घेतला की गाडीची उंची बदलते, एक्सलचा कोन बदलतो आणि रोलर नेमके झिजलेल्या जागेवर जाऊन बसतात.

गाडी रॅम्पवर घ्या आणि आधी फक्त डोळ्यांनी बघा. आतल्या जॉइंटचं रबरी बूट फाटलं असेल तर आसपासच्या सबफ्रेमवर आणि गिअरबॉक्सवर काळं ग्रीस रांगोळी घातल्यासारखं उडालेलं दिसेल. बूट शाबूत असलं तरी क्लिप सोडून आत बोट घाला: ग्रीस पातळ, चकचकीत, धातूच्या कणांनी चंदेरी झालेलं असेल तर झालं. कप पुसून खाचेवरून नख फिरवा. नख अडकलं तर नवीन ग्रीस भरून उपयोग नाही, जॉइंट बदला. काही मेकॅनिक डावा-उजवा कप अदलाबदल करून रोलर न झिजलेल्या बाजूवर चालवतात. चालतं काही दिवस. गाडी विकायची असेल त्यांचं हे औषध, ठेवायची असेल त्यांचं नाही.

एक्सलला हात लावायच्या आधी मात्र इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ती रबरं, बघून घ्या, तेही असंच डुलवतं. हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक दोन्ही घट्ट दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी थोडा, पकडायला लागेल एवढाच सोडा, आणि दुसऱ्या कुणाला तरी बाजूला उभं राहून उघड्या बॉनेटमधून बघायला सांगा. समोर कुणाला उभं करू नका. इंजिन बोटभर हललं तर ठीक, उसळी घेत असेल तर माउंटिंगचं रबर फाटलंय.

प्रश्न : सासवडहून भाजीपाला घेऊन मार्केट यार्डला येतो. पिकअप डिझेल आहे. परतीला दिवे घाटात गाडी दम खाते, मधेच धक्के देते, मागून काळा धूर. सपाटीला बरी चालते.
– एक वाचक, सासवड

उत्तर : दादा, डिझेलला प्लगची ठिणगी नाही, त्यामुळे वरचं निम्मं उत्तर तुम्हाला लागू नाही. आधी डिझेल फिल्टर. खालचा पाण्याचा स्क्रू सोडून बाटलीत काढा आणि थोडा वेळ ठेवा. तळाशी पाणी वेगळं झालं तर टाकीही बघावी लागेल. फिल्टर तुंबला की सपाटीपुरतं डिझेल मिळतं, घाटाला पुरत नाही.

काळा धूर मात्र हवा कमी पडतेय असं सांगतो. हवा दाबून भरणाऱ्या टर्बोपासून ती हवा गार करणाऱ्या इंटरकूलरकडे आणि तिथून इंजिनकडे जाणारे जाड रबरी पाइप हाताने चाचपा. चीर बहुतेक खालच्या बाजूला, जिथे दिसत नाही तिथे असते, आणि तिच्याभोवती तेलकट ओल येते. चढावर फुसफुस किंवा शिट्टी ऐकू येत असेल तर हेच. पाइपवर चिकटपट्टी गुंडाळून चालवू नका, दाबाने एका घाटात सुटते. एअर फिल्टर काढून झटकलात कधी? शेतरस्त्याने फिरणाऱ्या गाडीला कंपनीचं वेळापत्रक पुरत नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे. सकाळी रॅम्पवर पहिल्या गिअरमध्ये निघताना गाडी धडधडते, रिव्हर्सलाही. एकदा चालू लागली की काही नाही. क्लच प्लेट गेली का?
– एक वाचक, कोंढवा

उत्तर : गेलीच असं नाही. चौथ्या गिअरमध्ये पन्नासच्या वेगाला एकदम पूर्ण एक्सलरेटर द्या. इंजिनचा आवाज चढला आणि गाडी पळाली नाही, तर प्लेट घसरतेय, बदला. तसं होत नसेल तर प्लेट जाड आहे, पण नीट पकडत नाही. बऱ्याचदा कारण असतं अर्ध्या क्लचची सवय: रॅम्पवर पुढची गाडी निघेपर्यंत क्लचवरच गाडी तोलून धरायची. त्याने क्लच प्लेट ज्या दोघांमध्ये दाबली जाते ती फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट जागोजागी जळून निळ्या पडतात, आणि त्या डागांवर प्लेट पकड-सोड करते. रॅम्पवर हँडब्रेक लावा, क्लच पकडला की सोडा. आठवडाभर असं करून बघा, थोडं कमी होतं. पावसाळ्यात फक्त सकाळीच होत असेल तर रात्रभराची ओल आणि वरवरचा गंज. चार सिग्नलमध्ये जातो, पैसे घालू नका.

क्लच उतरवायची वेळ आलीच तर एक गोष्ट आधीच बजावून ठेवा: क्रँकचं मागचं ऑइल सील तपासल्याशिवाय गिअरबॉक्स परत चढवायचा नाही. तिथून तेल गळत असेल तर नवीन प्लेटही तेलकट होऊन काही महिन्यांत धडधडेल, आणि मजुरी पुन्हा तेवढीच. तेव्हा फ्लायव्हील डोळ्यासमोरच असतं, तेही बघा. निळे डाग असतील तर ते घासून घ्यायचं.

प्रश्न : माझी गाडी २०११ची, अगदी जपून वापरलेली. महिन्यातून फार तर दोनदा बाहेर निघते. हल्ली सुरुवातीला पिकअप घेताना अडखळते. हा ई२० पेट्रोलचाच प्रताप आहे ना? तसं स्पष्ट लिहा.
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंत, तरी थोडं वेगळं लिहिते. ई२० म्हणजे शंभरात वीस भाग इथेनॉल. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडणार, हे खरं. ई२०चं इंधन सोसतील अशा रबर-प्लास्टिकच्या भागांसह नवीन गाड्या यायला लागल्या त्या एप्रिल २०२३पासून. तुमच्या गाडीचे इंधनाचे पाइप आणि सील त्याच्या खूप आधीचे आहेत. ते कडक झालेत का, चिरलेत का, हे बघून घ्या. पेट्रोलचा वास आला तर वाट बघू नका.

पण मिश्रण बदललं म्हणून चांगली गाडी झटके देत नाही. सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर हवा-इंधनाचं प्रमाण मोजत असतो आणि कॉम्प्युटर त्याप्रमाणे इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. फिल्टर किंवा पंप आधीच दमलेला असेल तर ते जास्तीचं इंधन पोचत नाही, आणि दोष पेट्रोलच्या माथी जातो. तुमच्या बाबतीत मला खरी शंका येते ती गाडी उभी राहण्याची. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. अर्धी रिकामी टाकी, पुण्याचा पावसाळा आणि पंधरा-पंधरा दिवस उभी गाडी. पाणी पुरेसं झालं की ते इथेनॉलसकट तळाशी बसतं, आणि पंपाची नळीही तळाशीच असते. म्हणून सुरुवातीला अडखळते.

इंधनाचा दाब मोजून घ्या, फिल्टर बदला, इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी साफ करा. नंतर गाडी आठवड्याला एकदा तरी काढा, आणि नुसती लक्ष्मी रस्त्याला वळसा घालून आणू नका, अर्धा तास बायपासला चालवा. बॉनेट उघडून वायरीही बघा. जपून ठेवलेल्या गाड्यांवर पेठेतल्या उंदरांचं फार प्रेम असतं, आणि इंजेक्टरची कुरतडलेली वायर अगदी असेच झटके देते.

प्रश्न : एक्स्प्रेसवेला नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. एक्सलरेटर सोडला तरी थरथरतंच. ऐंशीला बंद.
– एक वाचक, वाकड

उत्तर : तुम्ही मात्र टायरवाल्याकडेच जा. बॅलन्सिंग करायचं आहे. वजनं लावण्याआधी रिमच्या आतल्या बाजूला वाळून बसलेला चिखल खरवडून काढायला सांगा, आणि चाक मशीनवर फिरत असताना समोर उभं राहून टायरवर कुठे फुगा दिसतो का ते बघा. फुगा असेल तर त्या टायरवर एक्स्प्रेसवेला जायचं नाही, स्टेपनी लावून घरी या.